अपामाचं पुढे काय झालं

अपामा कधी वारली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि छायाला ते काही केल्या सोडवत नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती चुकायची. ट्यूशनच्या मुलांना एकच उत्तर दोनदा लिहून द्यायची. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला मुलीचे, ईश्वरीचे, बारावीचे सॅम्पल पेपर पसरलेले असत आणि दुसऱ्या टोकाला छायाचा लॅपटॉप. मधल्या जागेत वरणाचं पातेलं ठेवायची पंचाईत व्हायची.

खरं तर या बाईशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तेवीसशे वर्षांपूर्वीची बाई, आज उझबेकिस्तान म्हणतात त्या बाजूच्या एका सरदाराची मुलगी. शारजातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी अर्ध्या तासाचं नाटक लिहून द्यायचं छायाने कबूल केलं होतं, तेवढाच काय तो संबंध. मंडळाचा सेक्रेटरी शार्दूल तिशीतला, एका बँकेत आयटीला. तोच नाटक बसवणार होता. "छायाताई, तुम्ही हिस्टरीच्या टीचर," तो म्हणाला होता. "काहीतरी वेगळं द्या. किल्ले आणि मावळे दर वर्षी होतात."

छायाने चौदा वर्षं इथल्याच एका भारतीय शाळेत इतिहास शिकवला होता. ईश्वरी दहावीत गेली तेव्हा तिने नोकरी सोडली. तिला एकदम आठवला तो सेल्युकस. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एकच ओळ होती, चंद्रगुप्ताशी लढून तह केला एवढी, आणि दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅम, चंद्रगुप्त मॅरीड हिज डॉटर, राइट?" छाया दर वर्षी सांगायची, लग्नसंबंधाचा करार झाला एवढंच लिहिलेलं आहे. मुलगी कोण, तिचं नाव काय, हे त्या काळच्या कुणी लिहिलेलं नाही. मुलांना हे उत्तर आवडायचं नाही.

पहिलं वाचन मार्गारेटच्या घरी, दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीत झालं. मार्गारेट आणि तिचा नवरा पॅट्रिक दोघं वसईचे. ती एका हॉटेलात हाउसकीपिंग बघायची, तो दुसऱ्या हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर. पॅट्रिकचा आवाज असा की नुसतं "पाणी दे" म्हणाला तरी फर्मान वाटावं, म्हणून सेल्युकस त्याला दिला होता. मार्गारेट अपामा होती. शार्दूल मुलाचं काम करणार होता आणि मार्गारेटची भाची लॅरिसा दुसऱ्या राणीचं. सोफा भिंतीला सरकवून सगळे जमिनीवर बसले आणि छायाने गोष्ट सांगितली.

"सुसा शहरात एकाच वेळी ऐंशी-नव्वद लग्नं लागली. अलेक्झांडरने आपल्या सरदारांना इराणी घराण्यांतल्या मुली करायला लावल्या. खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. आधी नवरे येऊन बसले, मग मुली आल्या, आणि जिने तिने आपापल्या नवऱ्याशेजारी बसायचं."

"नव्वद कपल?" पॅट्रिक म्हणाला. "सीटिंग प्लॅन कुणी केला असेल?"

"त्यातली एक अपामा. तिचा बाप स्पितामेनीस. तो अलेक्झांडरशी दोन वर्षं झुंजला आणि शेवटी त्याचं मुंडकं अलेक्झांडरकडे पाठवलं गेलं. त्यानंतर चारेक वर्षांनी त्याच सैन्यातल्या सेल्युकसशेजारी त्याची मुलगी येऊन बसली."

मार्गारेटने हातातला चहा खाली ठेवला.

"अलेक्झांडर गेल्यावर बहुतेक सरदारांनी त्या बायका सोडून दिल्या, असं दिसतं. सेल्युकसने सोडली नाही. तिला मुलगा झाला, अँटिओकस. पुढे सेल्युकस राजा झाला, गावं वसवत गेला आणि गावांना घरच्यांची नावं देत गेला. बापाच्या नावाने अँटिओक, आईच्या नावाने लाओडिकिया, बायकोच्या नावाने अपामिया."

"थांब, थांब. अँटिओक म्हणजे आमच्या बायबलमधलं अंत्युखिया?"

"तेच."

"आणि लावदिकीया? प्रकटीकरणातलं?"

"ते दुसरं. ते त्याच्या नातवाने आपल्या बायकोच्या नावाने वसवलं. त्या घरात लाओडिकी पुष्कळ होत्या."

"बघा," पॅट्रिक म्हणाला. "तीस वर्षं मी हॉल लावतोय. एका टेबलाला माझं नाव नाही."

मग छायाने पुढचं सांगितलं. साठीच्या सुमारास सेल्युकसने दुसरं लग्न केलं. मुलगी अठराएक वर्षांची, स्ट्रॅटोनिकी. तिच्या बापाकडे मोठं आरमार होतं आणि सेल्युकसला तो आपल्या बाजूला हवा होता. बापलेक जहाजातून आले, जहाजावर मेजवान्या झडल्या. पाचसहा वर्षांनी अपामाचा मुलगा अंथरुणाला खिळला. अन्न सोडलं, बोलणं सोडलं. वैद्य त्याची नाडी धरून बसून राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, सावत्र आई खोलीत आली की नाडी धावायला लागते. राजाला कळलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर आपली बायको मुलाला दिली, वर पूर्वेकडचं राज्यही दिलं.

"क्लायमॅक्स!" शार्दूल म्हणाला. "यल्ला, चला, यावरच संपवू."

"आणि मी?" मार्गारेटने विचारलं. "माझं काय झालं?"

"लिहिलेलं नाही," छाया म्हणाली.

त्या मंगळवारी सकाळी अकराला छायाचा फोन वाजला. त्यांची इमारत बघणाऱ्या रिअल इस्टेट ऑफिसातली अरफा बोलत होती. "मॅडम, सूर्यकांत सर फोन नहीं उठा रहे. आपका फ्लॅट देखने एक फॅमिली आना चाहती है. आज शाम चलेगा?"

"कौनसा फ्लॅट?"

"आपका, मॅडम. एप्रिल में खाली हो रहा है ना? सर ने नोटिस दिया है."

छायाने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. "शाम को नहीं," ती म्हणाली. "कल सुबह." आणि वर थँक्यूही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती फॅमिली आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. छायाने त्यांना एकेक खोली उघडून दाखवली. बायकोने स्वयंपाकघरातली कपाटं उघडली, झुरळं होतात का विचारलं, ओट्यावरून हात फिरवला. म्हातारीने ईश्वरीच्या खोलीत डोकावून विचारलं, "बेटी की शादी हो रही है क्या?" छाया म्हणाली, नाही, परीक्षा आहे.

आता सूर्यकांत सांगेल, असं तिला वाटलं. तिचा नवरा दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जबल अलीत एका कंपनीच्या वेअरहाऊसचा ऑपरेशन्स मॅनेजर होता. पहाटे साडेपाचला तो गाडी काढायचा आणि संध्याकाळी साडेसातला घरी यायचा. हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा, ईश्वरीला "किती चॅप्टर झाले?" म्हणायचा, ती "टू" म्हणायची, आणि जेवताजेवताच त्याचे डोळे मिटायला लागायचे. बुधवार गेला, गुरुवार गेला. शनिवारी तो घरी होता, तेव्हा त्याने एसीचा फिल्टर धुतला. छाया त्याच्या आसपास वावरत राहिली, कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या मोडून पुन्हा घातल्या. तो बोलला नाही. ती विचारूही शकत होती. पण तिला वाटत होतं, एकदा आपण विचारलं की त्याने आपणहून सांगितलं असतं की नाही, हे कधीच कळणार नाही.

दिवसा मुलं ट्यूशनहून गेली की ती पुन्हा लॅपटॉप उघडायची. तिथेच तिला तो ठराव सापडला. मिलेटस नावाच्या ग्रीक शहराने दगडावर कोरून ठेवलेला. आमच्या गावचे सैनिक परमुलखात लढत होते तेव्हा राणी अपामाने त्यांची काळजी घेतली, म्हणून हे शहर तिचा सन्मान करत आहे. साल पाहून छाया उठून उभीच राहिली. साल नव्या लग्नाच्या आगेमागेचं होतं. म्हणजे एकीकडे जहाजावर वरात चालली होती आणि एकीकडे पहिलीच्या नावाने दगड कोरला जात होता.

तेव्हा ती कुठे होती? नवऱ्याने तिला बसवून सांगितलं होतं, की तिला कुणी तिसऱ्यानेच कळवलं होतं?

दुसऱ्या तालमीत मार्गारेट पहिला प्रवेश संपवून मध्येच थांबली. "आता मी बाहेर कुठून जाऊ?"

"डावीकडून," शार्दूल म्हणाला.

"तसं नाही रे. मेले म्हणून जाते, की जिवंत जाते?"

"मेलात. लॅरिसाच्या एन्ट्रीआधी एका वाक्यात सांगून टाकू. राणी अपामा स्वर्गवासी झाल्या."

"हे कुठे लिहिलंय?" छायाने विचारलं. तिचा आवाज इतका चढला की पॅट्रिकनेही वळून पाहिलं.

"ताई, कुठेच काही लिहिलेलं नाही ना. मग मेली म्हटलं तर बिघडलं कुठे?"

"बिघडतं," मार्गारेट म्हणाली. "मरायला चाललेली बाई वेगळी चालते आणि घर सोडून चाललेली वेगळी. मला पाय कसे टाकायचे ते सांगा, मग मी जाते."

पाणी प्यायच्या निमित्ताने मार्गारेट छायाला स्वयंपाकघरात घेऊन आली. "काय झालंय?"

छायाने अरफाचा फोन सांगितला, ती फॅमिली सांगितली, म्हातारीचा प्रश्न सांगितला. मार्गारेटने सगळं ऐकलं. "बोलली नाहीस त्याच्याशी?"

"तो सांगेल म्हणून थांबलेय."

"किती दिवस?"

"आज सहावा."

"छाया, तो पुरुष आहे, राजा नाही. जा आणि विचार."

गुरुवारी सूर्यकांत पहाटे बूट घालत होता तेव्हा छाया पर्स घेऊन दाराशी उभी होती. "आज मी येते तुमच्याबरोबर."

"कुठे?"

"जबल अलीला."

"तिथे काय आहे?"

"तेच बघायचंय."

त्याने गाडीची किल्ली उचलली. पहिली दहा मिनिटं रस्ता मोकळा होता, मग दुबईच्या हद्दीआधीच गाड्यांचे लाल दिवे दाटले. दिवस उजाडत होता. शेजारच्या बसमध्ये माणसं काचेला डोकं टेकून झोपली होती.

"अरफाचा फोन आला होता," छाया म्हणाली.

सूर्यकांतने लेन बदलायला इंडिकेटर दिला होता. तो तसाच टिकटिकत राहिला. "कधी?"

"नऊ दिवस झाले. फॅमिली येऊन बघूनही गेली. किचन आवडलं त्यांना."

गाडी पुढे सरकली, थांबली, सरकली. "मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "ईश्वरीचे पेपर झाले की. तुझं टेन्शन तिला जाणवलं असतं. हे बघ, ती पुण्याला जाणार. आपला फ्लॅट तिथे बंदच आहे. तू तिच्याजवळ राहशील. मी कंपनीच्या खोलीत राहतो. तीन वर्षं. मग खलास, मीही येतो."

"आणि मला कधी विचारणार होतात?"

"विचारायचं काय त्यात? मुलं कॉलेजला गेली की सगळ्यांच्याच बायका जातात." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे. "मला वाटलं, तुला बरं वाटेल. बावीस वर्षं या डब्यांत काढलीस."

तिला दार उघडून उतरावंसं वाटलं, पण सहा लेनच्या मध्ये उतरून जाणार कुठे? जबल अलीला पोचायला पावणेदोन तास लागले.

"खोली दाखवा," ती गाडीतून उतरताना म्हणाली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल, एक किटली. खिडकीतून एकावर एक रचलेले कंटेनर दिसत होते, निळे आणि तांबूस. छायाने कपाट उघडलं. आत दोन शर्ट टांगलेले होते. पंधरा दिवस ती ते शर्ट घरात शोधत होती, लाँड्रीवाल्याशी त्यावरून भांडलीही होती.

"दुपारी कधी कधी येऊन पडतो," सूर्यकांत दारातच उभा राहून म्हणाला. "अर्धा तास."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून." तो आत आला, टेबलाला टेकला. "छाया, ऑगस्टमध्ये गाडीचा आरसा तुटला होता ना?"

"पार्किंगमध्ये."

"पार्किंगमध्ये नाही. मला झोप लागली. ट्रेलरने हॉर्न दिला तेव्हा डोळे उघडले. नंतर ऑक्टोबरमध्ये परत एकदा. तेव्हा काही झालं नाही, पण लागली झोप." हे सांगताना तो बोटाने टेबलावरची धूळ पुसत होता. "घरी येऊन सांगितलं असतं तर तू रोज साडेसातपर्यंत दाराकडे बघत बसली असतीस."

नऊ दिवस छायाने मनातल्या मनात घोटून ठेवलेली सगळी वाक्यं होती. त्यातलं एकही आता लागू नव्हतं. ती पलंगावर बसली. तुम्ही मेला असतात, आणि मी घरी एसीवाल्याची वाट बघत बसले असते, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"म्हणून मी म्हटलं, इथेच राहावं," तो म्हणाला. "इथून वेअरहाऊस चालत दहा मिनिटं."

"मग मीही दहा मिनिटांवर राहू शकते. किंवा अर्ध्या रस्त्यात. हे तुमच्या डोक्यात का आलं नाही?"

सूर्यकांतने विचार केला. खरोखरच केला, ते तिला दिसत होतं. "नाही आलं," तो म्हणाला. "खरंच नाही आलं, छाया."

ते उत्तर तिला इतकं लागलं की तिला रडू आलं. सबब सांगितली असती तर भांडता आलं असतं.

आठ वाजता तो कामावर गेला. छाया त्या खोलीत एकटी बसून राहिली. खाली ट्रकवाले एकमेकांना हाका मारत होते. तिच्या फोनमध्ये जुन्या शाळेच्या प्रिन्सिपल बाईंचा मेसेज दीड महिना पडून होता. एप्रिलपासून मिडल स्कूलला इतिहासासाठी कुणीतरी हवं होतं. छायाने तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, ईश्वरीचं वर्ष म्हणून. आता तिने लिहिलं, मी तयार आहे, पण व्हिसा शाळेचा हवा, नवऱ्याचा नको. ती उठली, खोलीत चार फेऱ्या मारल्या, शर्ट हँगरवरून काढून पर्समध्ये कोंबले आणि मेट्रो, मग बस, असं करत दुपारी घरी आली.

संध्याकाळी जेवताना तिने आडपडदा ठेवला नाही. "ईश्वरी, बाबांच्या मनात होतं, मी तुझ्याबरोबर पुण्याला येऊन राहावं."

ईश्वरीचा घास हातातच राहिला. "व्हॉट? नो! आय अप्लाइड फॉर द हॉस्टेल."

"कधी?" सूर्यकांतने विचारलं.

"नोव्हेंबर. बाबा, यू गेव्ह मी द ओटीपी!"

सूर्यकांतला आठवत नव्हतं. रोज येणाऱ्या आकड्यांपैकी एक त्याने वाचून दाखवला असेल. ईश्वरी आईकडे वळली. "आई, कम अँड व्हिजिट. प्लीज. बट डोन्ट मूव्ह. आय वॉन्ट टु सी इफ आय कॅन डू इट."

"बरं," छाया म्हणाली. तिची सुटका झाली होती आणि तरी तिला कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. तिनेही मुलीला विचारलं नव्हतंच. पुण्याला आपल्याला जायचं नाही एवढंच तिने ठरवलं होतं. मुलीला आपण नको असू, हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यकांतने नोटीस मागे घ्यायला अरफाला फोन लावला. उशीर झाला होता. त्या फॅमिलीने सही केली होती. "खलास, सर," अरफा म्हणाली. "अब तो नहीं होगा."

कार्यक्रम फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी होता. मार्गारेटने ड्रॅगन मार्टमधून निळं कापड आणलं होतं. "साठ दिरहॅम," ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "म्हणजे चौदाशे रुपये, राणीच्या मानाने काहीच नाही." शार्दूल शेवटपर्यंत कुरकुरत होता. अपामाचा वाढवलेला प्रवेश त्याला नको होता, चंद्रगुप्ताची वरात हवी होती. "पब्लिक कन्फ्यूज होईल, ताई." पण मार्गारेट हटून बसली होती. "माझं मरण लिहिलेलं नाही, तर मी मरणार नाही. मारायचंच असेल तर दुसरी अपामा शोध."

छाया निवेदक होती. लग्नाचा प्रवेश झाला. पॅट्रिकने गावांना नावं दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मिलेटसचा ठराव वाचला गेला. परमुलखात आमच्या मुलांची काळजी घेतल्याबद्दल, या शब्दांवर हॉलमध्ये चुळबुळ थांबली. त्या हॉलमध्ये परमुलखात नसलेलं कुणीच नव्हतं.

"याच सुमाराला राजाने दुसरं लग्न केलं," छाया म्हणाली. "तेव्हा अपामा हयात होती की नव्हती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आम्हालाही माहीत नाही."

मार्गारेट डावीकडे गेली नाही. उजवीकडेही नाही. ती रंगमंचाच्या पायऱ्या उतरून खाली आली. तिसऱ्या रांगेत सूर्यकांतच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण ती छायाची होती. तिथे जाऊन ती निळ्या कापडासकट बसली आणि उरलेलं नाटक तिने प्रेक्षकांतून पाहिलं. हे तालमीत ठरलेलं नव्हतं. वर शार्दूल अंथरुणावर कण्हत होता, वैद्य त्याची नाडी बघत होता, लॅरिसा आत येत होती, आणि लोक मात्र वळून वळून मार्गारेटकडे बघत होते. आपला नवरा आपली जागा घेतलेल्या बाईला आपल्याच मुलाच्या हाती देतोय, आणि ही ताठ बसून बघतेय. पॅट्रिकनेसुद्धा ते वाक्य म्हणताना तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा तो मोठा आवाज एकदा अडखळला.

सूर्यकांत खुर्चीत अवघडून बसला होता. मार्गारेटने नंतर छायाला सांगितलं, मध्येच तो कुजबुजला होता, "खरंच काय झालं हो तिचं?" मार्गारेट म्हणाली होती, "मला काय विचारता? घरी विचारा."

दर वर्षी नाटकाला देतात ते बक्षीस मिळालं नाही. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद चहाच्या टेबलाशी म्हणाले, चंद्रगुप्त असता तर रंगत आली असती. शार्दूलने छायाकडे "सांगत होतो ना" असं पाहिलं. छायाला त्याचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सोमवारी शाळेत इंटरव्ह्यू होता.

नोकरी मिळाली. व्हिसा बदलायचा तर आधी जुना रद्द करावा लागतो, आणि तो रद्द करायला सही लागते स्पॉन्सरची, म्हणजे नवऱ्याची. मार्चमध्ये एका दुपारी दोघं व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये गेली. काउंटरवरच्या माणसाने कागद पुढे केला आणि सवयीने विचारलं, "मॅडम वापस इंडिया जा रहे हैं?"

"नहीं," छाया म्हणाली. "स्कूल का व्हिसा."

सूर्यकांतने पेन घेतलं. कागदावर छायाचं नाव होतं, पासपोर्टचा नंबर होता आणि वर मोठ्या अक्षरात रद्द असं अरबीत आणि इंग्रजीत छापलेलं होतं. त्याने तो कागद दोनदा वाचला. "हे असं दिसतं होय," तो म्हणाला.

"काय?"

"मेमध्ये मी हीच सही करणार होतो. तू पुण्यात असतीस." त्याने सही केली, पेनचं टोपण लावलं आणि बराच वेळ ते पेन परत द्यायचंच विसरला. छाया त्याच्याकडे बघत राहिली. तिचा राग अजून संपलेला नव्हता. सकाळी उठल्यावर तो तिथेच असायचा, उशाशी. पण आता त्याच्यापलीकडचं थोडं दिसायला लागलं होतं.

एप्रिलअखेर त्यांनी शारजाचं घर रिकामं केलं आणि इंटरनॅशनल सिटीत, मार्गारेटच्या मागच्या ब्लॉकमध्ये, दोन लहान खोल्या घेतल्या. छायाला शाळेची बस न्यायची. सूर्यकांतला मॅनेजर झाल्यापासून कंपनीच्या बसमध्ये बसणं कमीपणाचं वाटायचं. आता तो सहाला कोपऱ्यावर उभा राहू लागला. पहिल्या दिवशी त्याने तिथून फोन केला. "लोडिंगची पोरं मला जागा देतायत, सगळी उठून उभी राहतायत. काय करू?"

"बसा," छाया म्हणाली. "आणि झोपा."

तो झोपू लागला. जाताना झोपायचा, येतानाही. साडेसहाला घरी पोचायचा तो ताजातवाना, आणि मग त्याला स्वतःचं काय करावं ते कळायचं नाही. बावीस वर्षांत संध्याकाळी तो असा जागा नव्हताच. या खोलीतून त्या खोलीत जायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा, ईश्वरीच्या अर्धवट भरलेल्या बॅगेशी उभा राहायचा. छाया वह्या तपासत असायची. नव्या घराचा वास तिच्या अंगवळणी पडला नव्हता, वर्ग हाताबाहेर जात होता, आणि जूनमध्ये मुलगी जाणार हे आठवलं की तिचं लाल पेन मध्येच थांबायचं.

एका संध्याकाळी तो तिच्यासमोर येऊन बसला. "छाया, पुण्याचं तिकीट काढतोय. ईश्वरीबरोबर कोण जाणार, तू की मी?"

तिने वर पाहिलं. "तुम्हाला जायचंय?"

"मला वाटतं, हो." तो ओशाळला. "तिचं हॉस्टेल बघायचंय. मी ओटीपी दिला होता म्हणे."

छायाला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, कारण तिलाही जायचं होतं, आणि तिची रजा अजून लागू झाली नव्हती. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मला रोज फोन करा. खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, सगळं सांगा."

"सांगेन," तो म्हणाला. मग उठला, पुन्हा बसला. "इन्शाल्ला म्हणून टाळत नाहीये. सांगेन."

तिने पुढची वही ओढली.